फीत-ग्रंथालयाची परिभाषा : उगम, स्थित्यंतर आणि जबाबदारीची विभागणी

संगणकीय माहिती दीर्घकाळ जतन करण्यासाठी मोठ्या संस्थांतून स्वयंचलित फीत-ग्रंथालये आजही वापरात आहेत. एका बंदिस्त कोठारात हजारो चुंबकीय फिती कप्प्याकप्प्यांतून मांडलेल्या असतात. संगणकाची आज्ञा होताच यांत्रिक हात हवी ती फीत उचलून वाचनयंत्रात घालतो आणि काम संपले की परत ठेवतो. या कारभारात काही शब्द सतत कानी पडतात. व्हॉल्यूम, लेबल, माउंट, स्क्रॅच, सेल, एन्टर, इजेक्ट आणि ऑडिट हे त्यांपैकी प्रमुख होत. नव्या अभ्यासकाला ती यंत्राच्या भागांची वा क्रियांची नावे वाटतात. वस्तुतः त्यांतील महत्त्वाचे बहुतेक शब्द यंत्राहून जुने आहेत. ज्या खोलीत माणसे हातांनी फिती काढीत व ठेवीत त्या खोलीत ते रूढ झाले, आणि यंत्र आल्यावर त्याच्याकडे वारशाने गेले. मात्र शब्द गेले म्हणून त्यांमागील सारी जबाबदारीही यंत्राकडे गेली असे झाले नाही. तिचा कोणता भाग यंत्राने उचलला आणि कोणता माणसाकडेच राहिला, हे या परिभाषेच्या इतिहासावरून स्पष्टपणे दिसून येते. ज्यांची भावी साधने अशाच कोठारांत साठत आहेत त्या इतिहासाच्या अभ्यासकांना हा प्रश्न केवळ तांत्रिक म्हणून दुर्लक्षिता येणार नाही.

१. रिळांची खोली

१९५१ साली अमेरिकेच्या जनगणना खात्याकडे आलेल्या युनिव्हॅक संगणकाबरोबर युनिसर्व्हो नावाची फीतयंत्रे होती. त्यांतील फीत धातूची, म्हणजे निकेलचा मुलामा दिलेल्या फॉस्फर ब्राँझची असून ती अर्धा इंच रुंद होती. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आयबीएम कंपनीने आपल्या ७०१ या संगणकासाठी ७२६ क्रमांकाचे फीतयंत्र जाहीर केले. त्यात फीत प्लॅस्टिकची होती, आणि एकदम सुटताना वा थांबताना ती तुटू नये म्हणून निर्वात स्तंभांत तिचा सैल झोळ सोडण्याची युक्ती योजिली होती. पुढे साडेदहा इंच व्यासाचे व २४०० फूट फितीचे रीळ हे जवळजवळ सार्वत्रिक प्रमाण बनले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली बसविलेल्या सीडीसी ३६०० या संगणकालाही चुंबकीय फितींचीच साथ होती.

रिळांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी खोली, मांडण्या आणि ती सांभाळणारा ग्रंथपाल यांची आवश्यकता निर्माण झाली. या खोलीला ‘टेप लायब्ररी’ हे नाव पडले ते सादृश्यामुळे. मांडणीवरील वस्तू मागणीनुसार काढून द्यायची, नोंद करायची आणि परत आल्यावर जागेवर ठेवायची, असा तेथील क्रम असे. ‘व्हॉल्यूम’ हा शब्दही ग्रंथव्यवहारातूनच आला. त्याचा निर्देश वाहकाकडे आहे, आशयाकडे नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. एक माहितीसंच अनेक व्हॉल्यूमांवर पसरू शकतो आणि एका व्हॉल्यूमवर अनेक माहितीसंच राहू शकतात. पेशवे दप्तरातील रुमाल ज्यांनी हाताळले आहेत त्यांना हा भेद नवा वाटू नये. रुमालाचा क्रमांक हा बासनाचा क्रमांक असतो, त्यातील पत्राचा नव्हे. आणि पत्र शोधणाऱ्याला प्रथम रुमालच मागावा लागतो.

व्हॉल्यूमची ओळख दोन ठिकाणी नोंदलेली असे. रिळाच्या अंगावर कागदी चिठ्ठी चिकटविलेली असे, आणि फितीच्या आरंभी चुंबकीय रूपात एक लेबल लिहिलेले असे. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम ३६० च्या व्यवस्थेत हे आंतरिक लेबल ८० अक्षरांचे, म्हणजे छिद्रपत्राच्या ८० स्तंभांइतक्याच लांबीचे होते. त्याची पहिली चार अक्षरे ‘व्हीओएल१’ अशी असत, व पाचव्यापासून दहाव्यापर्यंतच्या सहा स्थानांत व्हॉल्यूमचा अनुक्रमांक असे. या सहा अक्षरांनी त्यानंतरची सारी स्थित्यंतरे पाहिली आहेत.

‘माउंट’ म्हणजे रीळ यंत्राच्या आसावर चढविणे. फीत हवी असली की संगणक ऑपरेटरच्या टंकयंत्रावर तसा संदेश उमटवी. ऑपरेटर मांडणीकडे जाई, रीळ आणून चढवी, आणि काम झाल्यावर दुसऱ्या संदेशाप्रमाणे ते उतरवी. लिहिण्याची परवानगीही हातांनीच द्यावी लागे. रिळाच्या मागील खोबणीत प्लॅस्टिकची कडी बसविली तरच फितीवर लिहिता येई. कडी काढली की फीत वाचनापुरती उरे. ऑपरेटरच्या डोळ्यांना दिसणारी व बोटांना जाणवणारी ही कडी म्हणजे अनवधानाने होणाऱ्या नाशाविरुद्धचे सर्वांत साधे संरक्षण होते.

२. एका माणसाकडील तीन नोंदी

या खोलीतील ग्रंथपालाला रोज तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. हवी ती माहिती कोणत्या व्हॉल्यूमवर आहे, तो व्हॉल्यूम कोठे ठेवला आहे, आणि तो कधीपर्यंत राखायचा आहे. आरंभी या तिन्हींची उत्तरे एकाच वहीत, किंवा एकाच माणसाच्या स्मरणात, असत. पुढे एकेक नोंद संगणकात जाऊ लागली. माहितीसंचाच्या नावावरून व्हॉल्यूम शोधून देणारी सूची मूळ कार्यप्रणालीचा भाग बनली. राखण्याच्या मुदतीसाठी स्वतंत्र फीत-व्यवस्थापन प्रणाली निघाल्या. युनिव्हर्सिटी कंप्युटिंग कंपनीची यूसीसी-१ ही त्यांपैकी एक प्रसिद्ध प्रणाली असून १९८७ मध्ये ती कंप्युटर असोसिएट्स या कंपनीकडे गेली व सीए-१ या नावाने चालू राहिली. जागेची नोंद मात्र बराच काळ ग्रंथपालाकडेच राहिली. अनेक ठिकाणी रिळे अनुक्रमांकानेच मांडलेली असल्यामुळे नाव हीच जागा असे, आणि वेगळ्या नोंदीची फारशी गरज भासत नसे.

मुदतीच्या नोंदीतच ‘स्क्रॅच’ या शब्दाचे मर्म आहे. इंग्रजीत कच्च्या कामाच्या कागदाला हे विशेषण लावतात. फितीच्या संदर्भात त्याचा अर्थ ‘जिच्यावरील मजकुराची आता गरज नाही व जी पुन्हा लिहिण्यास मोकळी आहे अशी फीत’ असा झाला. स्क्रॅच फीत कोरी असेलच असे नाही. बहुधा ती भरलेलीच असते. फितीच्या चुंबकीय स्थितीत काहीही बदल न होता, केवळ नोंदवहीतील एका खुणेने ती स्क्रॅच होते. म्हणजे हा शब्द वस्तूच्या अवस्थेचा निदर्शक नसून तिच्याविषयी घेतलेल्या निर्णयाचा निदर्शक आहे.

हा निर्णय बहुधा तारखेच्या रूपाने आधीच नोंदवून ठेवला जाई. वर्षाचे दोन अंक आणि वर्षातील दिवसाचे तीन अंक अशी ती तारीख असे. ‘कधीही मोकळी करू नये’ असे सांगण्यासाठी वेगळे चिन्ह नसल्यामुळे ९९३६५, म्हणजे १९९९ सालचा ३६५ वा दिवस, ही तारीख घालण्याचा प्रघात पडला. १९६० किंवा १९७० च्या सुमारास ही तारीख अनंतकाळासारखी वाटत असल्यास नवल नाही. परंतु शतकाचा शेवट जवळ आला तेव्हा ‘कधीच नाही’ असा अभिप्राय असलेली खूण आणि खरोखरीची एक तारीख यांत भेद उरेना. या तारखेला विशेष अर्थ आहे हे ज्या प्रणालींना स्पष्टपणे शिकविलेले होते त्या निभावल्या. इतर ठिकाणी नोंदी तपासून बदलाव्या लागल्या. निर्णय सांकेतिक रूपात ठेवला आणि संकेताचा अर्थ सांगणारे माणूस निघून गेले, म्हणजे कोणता धोका उद्भवतो याचे हे बोलके उदाहरण आहे.

याहून गंभीर उदाहरण अपोलो ११ मोहिमेचे आहे. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून आलेले मूळ दूरचित्रण भूस्थानकांवर दूरमापनाच्या फितींवर नोंदले गेले होते. जगाने पाहिले ते त्याचे प्रक्षेपणासाठी रूपांतरित केलेले, गुणवत्तेने उणे चित्र. पुढे मूळ फितींचा शोध सुरू झाला. २००९ मध्ये नासाने जो निष्कर्ष जाहीर केला त्यानुसार, फितींची टंचाई असलेल्या काळात मोठ्या संख्येने जुन्या फिती पुसून पुन्हा वापरण्यात आल्या आणि या फितीही बहुधा त्यांतच गेल्या. येथे स्वयंचलित ग्रंथालय नव्हते, यांत्रिक हातही नव्हता. फिती जागेवर सापडल्या आणि रूढ पद्धतीप्रमाणेच मोकळ्या केल्या गेल्या. त्यांत विशेष काय आहे हे मात्र त्या निर्णयाच्या वेळी कोणी पुढे मांडले नाही. सुदैवाने प्रक्षेपणाच्या प्रती उरल्या होत्या व त्यांवरून चित्रणाचे पुनरुज्जीवन करता आले.

३. यंत्राचा प्रवेश

हातांनी चालणारे काम यंत्राकडे सोपविण्याचा एक मोठा व्यापारी प्रयत्न म्हणजे १९७४ साली जाहीर झालेली आयबीएमची ३८५० ही सामूहिक साठवण व्यवस्था होय. तिच्यात मुठीत मावतील अशी दंडगोल कार्ट्रिजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत ठेवलेली असत, आणि प्रत्येकात सुमारे ५ कोटी अक्षरे मावत. या कप्प्यांना ‘सेल’ हे नाव मिळाले. पोळ्याच्या कप्प्यालाही इंग्रजीत हाच शब्द असल्याने तो येथे अगदी अन्वर्थक ठरला. कार्ट्रिजमधील माहिती प्रत्यक्ष कामासाठी प्रथम चुंबकीय तबकडीवर उतरविली जाई. या क्रियेला ‘स्टेजिंग’ म्हणत. दोन कार्ट्रिजे मिळून संगणकाला एक तबकडी-संच भासे. अशा रीतीने, हाताला लागणारा वाहक आणि संगणकाला दिसणारा व्हॉल्यूम यांची फारकत येथेच सुरू झाली.

खरे परिवर्तन झाले ते मात्र फितीचे बाह्य रूप बदलल्यावर. १९८४ मध्ये आयबीएमने ३४८० हे यंत्र आणले. त्यात रिळाऐवजी सुमारे ४ इंच रुंद व ५ इंच लांब असे चौकोनी कार्ट्रिज होते आणि त्यात सुमारे २० कोटी अक्षरे मावत. गोल रीळ उचलून त्याची फीत ओवणे हे यांत्रिक हाताला अवघड. चौकोनी कार्ट्रिज सरळ खाचेत सरकविणे सोपे. ही संधी कोलोरॅडो राज्यातील स्टोरेजटेक कंपनीने साधली. १९८७ मध्ये तिने ४४०० क्रमांकाची स्वयंचलित कार्ट्रिज व्यवस्था आणली. बारा बाजूंचे एक मोठे कोठार, त्याच्या भिंतींवर सुमारे ६००० कप्पे, मध्यभागी फिरणारा यांत्रिक हात आणि त्या हातावर चिठ्ठीवरील पट्टीसंकेत वाचणारा कॅमेरा, अशी तिची रचना होती.

या कोठाराला लोकांनी ‘सायलो’ म्हटले. आपल्याकडील कणगीशी त्याचे साम्य सहज लक्षात यावे. कंपनीच्या औपचारिक भाषेत मात्र एका कोठाराला ग्रंथालय-साठवण विभाग अशा अर्थाचे नाव होते, व त्याचे आद्याक्षरी रूप ‘एलएसएम’ असे प्रचारात होते. असे अनेक विभाग जोडून एक ‘एसीएस’, म्हणजे संपूर्ण व्यवस्था, बने. एका विभागातून शेजारच्या विभागात कार्ट्रिज देण्याच्या झरोक्याला ‘पास-थ्रू पोर्ट’, आणि माणसाने कार्ट्रिज आत देण्याच्या वा बाहेर घेण्याच्या दाराला ‘कॅप’ म्हणत. तबकडीवरील माहिती ऑनलाइन आणि मांडणीवरील फीत ऑफलाइन. त्या दोहोंच्या मध्ये, माणसाच्या मदतीवाचून परंतु थोड्या विलंबाने मिळणारी माहिती ‘निअरलाइन’, हा शब्दही याच कंपनीने रूढ केला.

या नव्या कोठारात एक गोष्ट मूलतः बदलली. प्रत्येक कप्प्याला एसीएस, एलएसएम, पॅनेल, ओळ आणि स्तंभ अशा पाच अंकांचा पत्ता होता. परंतु कार्ट्रिज कोणत्या कप्प्यात असावे हे त्याच्या अनुक्रमांकावर अवलंबून नव्हते. काम झाल्यावर हाताला सोयीच्या मोकळ्या कप्प्यात ते ठेवता येई. नाव आणि जागा यांचा जुना संबंध येथे तुटला. मांडणीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला आता क्रमाने शोधून फीत मिळणार नव्हती. कोणती फीत कोठे आहे हे केवळ नियंत्रक संगणकाच्या नोंदीला ठाऊक होते. ग्रंथपालाच्या तीन प्रश्नांपैकी जागेचा प्रश्न यंत्राने पूर्णपणे आपल्याकडे घेतला तो असा.

४. एन्टर, इजेक्ट आणि ऑडिट

या स्थित्यंतरामुळे जे शब्द खऱ्या अर्थाने नवे पडले ते सीमेचे शब्द होत. ‘एन्टर’ म्हणजे कार्ट्रिज दारातून आत घेऊन त्याची नोंद करणे, आणि ‘इजेक्ट’ म्हणजे नोंद काढून ते दाराशी आणून ठेवणे. जुन्या खोलीत यांची गरज नव्हती, कारण ग्रंथपाल स्वतःच सीमेवर बसलेला असे. आता सीमा ओलांडणारी प्रत्येक वस्तू यंत्राला सांगूनच आत-बाहेर झाली पाहिजे. कोणी कोठाराचे दार उघडून हातांनी एखादे कार्ट्रिज बदलले तर यंत्राची नोंद खोटी पडते, आणि ती खोटी पडल्याचे यंत्राला तत्काळ कळत नाही.

ती खोटी पडल्याचे शोधण्याचा उपाय म्हणजे ‘ऑडिट’. हिशेबतपासणीतून आलेला हा शब्द येथे झडती या अर्थाने वापरला जातो. यांत्रिक हात एकेका कप्प्यापुढे जाऊन कॅमेऱ्याने चिठ्ठी वाचतो आणि जे दिसेल ते नोंदीशी ताडून पाहतो. तफावत आढळली तर वस्तुस्थितीनुसार नोंद बदलली जाते. नोंदीप्रमाणे वस्तू हलविली जात नाही. येथे प्रत्यक्षाला कागदाहून वरचढ मानले आहे, आणि संशोधनपद्धतीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु या प्रत्यक्षाची मर्यादाही ओळखली पाहिजे. ऑडिट वाचते ती बाहेरची चिठ्ठी. आतील ‘व्हीओएल१’ लेबल तीच सहा अक्षरे सांगते की नाही हे कार्ट्रिज माउंट होईपर्यंत समजत नाही, आणि त्यापुढील मजकूर वाचता येतो की नाही हे तो प्रत्यक्ष वाचल्याखेरीज कळत नाही. ज्याची चिठ्ठी वाचता येत नाही, किंवा जिच्यावरील क्रमांक दुसऱ्या कार्ट्रिजशी जुळतो, ते कार्ट्रिज स्टोरेजटेकच्या नियंत्रक प्रणालीत ऑडिटच्या वेळी बाहेर काढले जाते. निनावी वस्तूला या कोठारात जागा नाही. बेवारस कागदालाही बासनात सांभाळून ठेवणाऱ्या दप्तरखान्याशी तुलना केली असता हा फरक विशेष जाणवतो.

स्क्रॅच फितीच्या बाबतीत तीन नोंदींची विभागणी अधिकच उघड होते. एखाद्या कार्यक्रमाने ‘कोणतीही मोकळी फीत द्या’ अशी मागणी केली की ग्रंथालयाची नियंत्रक प्रणाली आपल्याजवळील स्क्रॅच-समूहातून एक कार्ट्रिज निवडते. ते मोकळे आहे असे ती कशावरून म्हणते? केवळ तिला तसे सांगितलेले असते म्हणून. मुदतीचा निर्णय फीत-व्यवस्थापन प्रणालीकडे असतो व तेथून स्क्रॅच फितींची यादी वेळोवेळी ग्रंथालयाच्या नोंदीत उतरवावी लागते. दोन नोंदींत मेळ नसला तर यंत्र राखीव फीत पुढे करते. व्यवस्थापन प्रणाली जागरूक असेल तर ती अशी फीत नाकारून दुसरी मागते. नसेल तर जुना मजकूर नष्ट होतो, आणि हे सारे कोठेही बिघाड न होता घडते. रिळाची कडी काढून ठेवणारा ऑपरेटर या साखळीत राहिलेला नाही. कार्ट्रिजवर लेखनबंदीची खीळ असते खरी, परंतु कोठारात जाण्यापूर्वीच ती कोणीतरी फिरविलेली असावी लागते.

५. शब्दांचे सामान्यीकरण

१९९० नंतर निरनिराळ्या कंपन्यांची लहानमोठी ग्रंथालये बाजारात आली, तेव्हा त्यांना एकाच भाषेत आज्ञा देता यावी ही निकड उत्पन्न झाली. १९९४ साली अमेरिकन राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या स्कझी-२ या प्रमाणात अशा यंत्राचे चारच प्रकारचे घटक मानले आहेत : वाहतूक-घटक म्हणजे यांत्रिक हात, साठवण-घटक म्हणजे कप्पा, आयात-निर्यात घटक म्हणजे दार, आणि माहिती-हस्तांतर घटक म्हणजे ड्राइव्ह. ‘माउंट’ ही आज्ञा येथे नाही. तिच्या जागी ‘माध्यम एका घटकातून दुसऱ्यात हलवा’ एवढेच आहे. ‘स्क्रॅच’चा तर उल्लेखही नाही. या प्रमाणाने जागेची भाषा शुद्ध करून दाखविली, आणि मुदतीचा व आशयाचा प्रश्न हा यंत्राचा विषय नव्हे हे अप्रत्यक्षपणे मान्य केले.

दुसरे स्थित्यंतर व्हॉल्यूमच्या अर्थाचे. १९९० नंतरच्या दशकात मोठ्या संगणकांसाठी आभासी फीत-व्यवस्था आल्या. त्यांत संगणकाला दिसणारा तार्किक व्हॉल्यूम तबकडीवर घडतो आणि मागाहून अनेक तार्किक व्हॉल्यूम एका प्रत्यक्ष कार्ट्रिजवर रचून ठेवले जातात. ‘माउंट’ झाल्याचा संदेश येतो, पण त्या क्षणी काहीही चढविलेले नसते. १९७४ च्या पोळ्यात सुरू झालेली फारकत येथे पूर्ण झाली. तथापि सहा अक्षरे टिकली. २००० साली आलेल्या एलटीओ प्रकारच्या कार्ट्रिजच्या चिठ्ठीवर रूढ पद्धतीनुसार आठ अक्षरे असतात : पहिली सहा व्हॉल्यूमची आणि शेवटची दोन कार्ट्रिजच्या पिढीची. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट माहिती मावते. १९८७ च्या कोठारातील ६००० कार्ट्रिजांची एकूण माहिती ही तिचा सुमारे पंधरावा हिस्सा भरते. धारणशक्ती अशी वाढली असता एका चुकीच्या स्क्रॅच-खुणेने होणारे नुकसानही त्याच प्रमाणात वाढले, हे उघड आहे.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, फीत-ग्रंथालयाची परिभाषा तीन थरांची आहे. व्हॉल्यूम, लेबल, माउंट आणि स्क्रॅच हे रिळांच्या खोलीतील शब्द. सेल, सायलो, एन्टर, इजेक्ट आणि ऑडिट हे कोठाराचे शब्द. आणि घटक, माध्यम, तार्किक व्हॉल्यूम हे प्रमाणीकरणानंतरचे शब्द. पहिल्या थराचे शब्द टिकले याचे कारण केवळ सवय नव्हे. त्यांनी निर्दिष्ट केलेले निर्णय अजून माणसांनाच घ्यावे लागतात. यंत्राने ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर माणसापेक्षा अधिक बिनचूक दिले. ‘काय’ आणि ‘कधीपर्यंत’ या प्रश्नांची उत्तरे त्याला सांगावीच लागतात.

फितीचे सामर्थ्य मात्र या विभागणीमुळे कमी झाले असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या टपालसेवेतील सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे एका प्रणालीदोषामुळे दिसेनाशी झाली, तबकडीवरील प्रतीही त्याच दोषाने बाधित झाल्या, आणि अखेर ती पत्रे फितींवरून परत आणावी लागली. चालू व्यवहारापासून दूर ठेवलेली प्रत त्या व्यवहारातील दोषापासूनही दूर राहते, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. परंतु त्या फिती उपयोगी पडल्या, कारण त्या कोणी स्क्रॅच केलेल्या नव्हत्या.

भावी संशोधकाला या कोठारांतून एखादे साधन मिळाले नाही, तर त्याने फीत हरवली असे गृहीत धरू नये. ती यंत्राच्या नोंदीतून सुटली, आतील लेबल बाहेरच्या चिठ्ठीशी जुळले नाही, की कोणा अधिकाऱ्याने ती नियमानुसार मोकळी केली, हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची साधने तीन वेगळ्या नोंदींत आहेत. म्हणून फितींबरोबरच या तिन्ही नोंदी, विशेषतः मुदतीचे निर्णय कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने घेतले यांची नोंद, जतन होणे अगत्याचे आहे. तिच्या अभावी फितींनी भरलेल्या कोठारातूनही काय गमावले आणि का गमावले हे सांगता येणार नाही.